क्यूएमूमध्ये स्वतःचं डिव्हाइस घालायचंय, सुरुवात कुठून करू?

मांजराकाठ
नमस्कार मंडळी, लातूरहून लिहायलोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आम्ही तिघं मित्र मिळून डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, बसवायचा एक डबा बनवायलोत. तिन्ही फेजचं व्होल्टेज, करंट आणि ऑइलचं तापमान मोजायचं आणि काही बिनसलं की मेसेज टाकायचा. ऐन हरभऱ्याच्या पाण्यात डीपी जळाली की गावाकडं काय होतं ते इथं कुणाला सांगायची गरज नाही. डब्यात झिंक चिप आहे, म्हणजे एआरएमचे दोन कोर, त्यावर लिनक्स, आणि त्याच चिपमध्ये शेजारी एफपीजीए, म्हणजे आतलं सर्किट आपल्याला हवं तसं जोडता येतं असा भाग. मोजमाप करणारा ब्लॉक आमचा स्वतःचा, तो एफपीजीएत बसतो आणि प्रोसेसरला हेक्स ४३सी००००० या पत्त्यावर दिसतो. रजिस्टरं (आकडे लिहायचे-वाचायचे खण) वीस-बावीस, इंटरप्ट (प्रोसेसरला हाक मारायची लाइन) एक.

अडचण अशी की बोर्ड एकच, तो पण एफपीजीएवाल्या मित्राकडं पुण्यात. ड्रायव्हर मी लिहायलोय इकडं. क्यूएमू या एम्युलेटरमध्ये, म्हणजे दुसरं हार्डवेअर सॉफ्टवेअरमधून उभं करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, झिंकचं मशीन आहे, त्यावर आमचं लिनक्स बूट पण व्हायलंय, पण आमचा ब्लॉक त्यात कुठून असणार. तो मलाच घालावा लागणार. सी येतं, पण क्यूएमूचा सोर्स उघडला की डोकं गरगरतंय. कुणी केलंय का हे? आणि खरं सांगा, हे करण्यात अर्थ आहे का गप दुसरा बोर्ड घ्यावा?

मोंढा_नाका
दुसरा बोर्ड घ्या. विषय संपला.

वाळूजकर
संपला कसा, आत्ता तर सुरू झाला.

मांजराकाठ, केलंय मी हे, ऑफिसच्या कामासाठी, दुसऱ्या चिपवर. सगळ्यात आधी एक करा, क्यूएमूच्या सोर्समध्ये हार्डवेअरचा फोल्डर आहे, त्यात मिस्क, त्यात ईडीयू डॉट सी नावाची फाइल. शिकवण्यासाठीच लिहिलेलं खोटं पीसीआय डिव्हाइस आहे ते. एका रजिस्टरमध्ये आकडा टाकला की त्याचे सगळे बिट उलटे करून परत देतं, दुसऱ्यात आकडा टाकला की फॅक्टोरियल काढून देतं, इंटरप्ट मारतं, डीएमए (प्रोसेसरला मधे न घेता मेमरीत डेटा हलवणं) पण करतं. चारेकशे ओळींची फाइल आहे, चहाचा कप घेऊन एका बैठकीत वाचून होते. रजिस्टरांचा तक्ता डॉक्युमेंटेशनमध्ये वेगळा दिलाय, तो शेजारी उघडून वाचा.

तुमचं डिव्हाइस मात्र पीसीआय नाही, ते सिसबस प्रकारात येणार. म्हणजे बसवर शोधून सापडणारं नाही, ठरलेल्या पत्त्यावर पक्कं ठोकलेलं. वाचन-लेखनाचा भाग दोन्हीकडं सारखाच, जोडणी वेगळी.

बुढ्ढीलेन
त्या ईडीयूचं ओळख रजिस्टर वाचलं तर जो आकडा येतो त्याच्या शेवटी ईडी येतं. मियाँ, पहिल्याच रीडला ईडी दारात 😂

गेवराईकर
😂😂 नोटीस न देता

ठिबक_सिंचन
मी तिसऱ्या वर्षाला आहे, मला पण हे शिकायचंय म्हणून विचारतो. माझ्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे, क्यूएमू बिल्ड होईल का? मागं एकदा मेक मारलं तर रात्रभर पंखा ओरडत होता, आईनं येऊन बटणच बंद केलं.

वाळूजकर
सगळी आर्किटेक्चरं बिल्ड केली असणार. कॉन्फिगर करताना टार्गेट लिस्टमध्ये फक्त एआरएम-सॉफ्टएमएमयू एवढंच द्या. बाकीची डझनभर कशाला. पहिल्यांदा वेळ लागतो, नंतर एकच फाइल बदलली तर निन्जा तेवढीच कंपाइल करून लिंक करतो, काही सेकंदांचं काम.

परभणीकर
बिल्डच्या बाबतीत आमचा मंत्र जुनाच आहे, बनी तो बनी, नहीं तो परभणी.

सीताफळ
मांजराकाठ दादा, सोर्स बघून गरगरायचं कारण एकच, सी दिसतं पण खाली ऑब्जेक्ट मॉडेल आहे. ते समजलं की बाकी सगळं ओळखीचं वाटतं. मी बीडची, सध्या पुण्यात हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एका डिव्हाइसच्या फाइलमध्ये खालून वर वाचत यायचं. सगळ्यात खाली टाइप इन्फो असतो, म्हणजे माझं नाव अमुक, माझा बाप सिसबस डिव्हाइस, माझ्या स्ट्रक्टचा आकार एवढा. त्याच्या वर क्लास इनिट. त्यात तुमचं रियलाइज फंक्शन कुठलं, रीसेट कुठलं, प्रॉपर्टी (बाहेरून बदलता येणाऱ्या किमती) कुठल्या ते सांगायचं. आणि मग दोन फंक्शनं जी नवीन माणसाला कायम गोंधळात टाकतात, इन्स्टन्स इनिट आणि रियलाइज. दोन्हीत सेटअपच करायचाय तर दोन कशाला? तर इन्स्टन्स इनिट म्हणजे साखरपुडा समजा आणि रियलाइज म्हणजे लग्न. साखरपुड्यानंतर मोडलं तरी गाजावाजा न होता मोडता आलं पाहिजे. क्यूएमू नुसतं तुमच्या प्रॉपर्टी कुठल्या हे विचारायला सुद्धा ऑब्जेक्ट बनवतं आणि लगेच फेकून देतं, त्यामुळं तिथं फाइल उघडणं, थ्रेड सुरू करणं, फेल होऊ शकेल असं काही करायचं नाही. ते सगळं रियलाइजमध्ये, तिथं एरर परत करायची सोय आहे.

मुख्य गाभा म्हणजे मेमरी रीजन. रीड आणि राइट अशी दोन फंक्शनं लिहायची, ती एका ऑप्स स्ट्रक्टमध्ये घालायची आणि मेमरी रीजन इनिट आयओ ला द्यायची, आकारासकट. तुमच्या ब्लॉकला ४ केबी पुरे. गेस्टमधल्या, म्हणजे एम्युलेटरच्या आत चालणाऱ्या, लिनक्सनं त्या पत्त्यावर वाचलं की तुमचं रीड फंक्शन येतं, ऑफसेट हातात मिळतो, तुम्ही स्विच केस लावून उत्तर द्यायचं. बस, एवढंच आहे ते. माहीत नसलेल्या ऑफसेटला शून्य द्या, पण गप देऊ नका, गेस्ट एररचा लॉग टाका. ड्रायव्हरमधला चुकीचा ऑफसेट तिथंच पकडला जातो.

ऑप्समध्ये एंडियननेस (बाइटांचा क्रम) लिटल लिहा आणि ॲक्सेस साइज नीट भरा. व्हॅलिड म्हणजे गेस्टला काय करायची परवानगी आहे, इम्प्ल म्हणजे तुमचा कोड काय सांभाळतो. तुमचा ब्लॉक फक्त ३२ बिटचं वाचन घेत असेल तर दोन्हीकडं ४ लिहा, म्हणजे ड्रायव्हरनं चुकून एक बाइट वाचला तर लगेच कळेल. नुसतं इम्प्ल भरलं तर क्यूएमू मधे पडून सांभाळून घेतो आणि चूक थेट खऱ्या बोर्डावर निघते.

मांजराकाठ
ताई, एवढं कुणी नीट सांगितलं नव्हतं. साखरपुडा डोक्यात बसला आता.

चिकलठाणा_शिफ्ट
मी जुना माणूस, नोकरीभर सोल्डरिंग केलं. तुमचं ते सगळं ठीक आहे पण एक सांगतो, डीपीजवळ खरी गंमत रजिस्टरात नसते, वायरीत असते. ढिला लग, न्यूट्रल तुटलेला, अर्थिंगचा पत्ता नाही, कुणीतरी तारेवर आकडा टाकलेला. तुमच्या एम्युलेटरमध्ये स्पार्किंगचा नॉइज येणार आहे का? सॅम्पलिंगचं टायमिंग येणार आहे का? नाही ना. मग त्यावर चाललेला ड्रायव्हर डीपीवर चालेलच हे कशावरून?

तेरणा
काकांचं बरोबर आहे. क्यूएमू सायकल ॲक्युरेट नाहीच. आयकाउंट (इन्स्ट्रक्शन मोजून घड्याळ चालवायचा पर्याय) लावलं तर एकच रन परत परत तसाच घडवता येतो, पण खऱ्या चिपवर एवढ्या नॅनोसेकंदात होईल असं त्यातून कळत नाही.

वाळूजकर
काका, मान्य. पण उलट बाजू बघा. सिंगल फेजिंग घ्या. एक फेज गेली की मोटरा जळतात, वाइंडिंगवाल्याकडं रांग लागते, हे आपण सगळे बघतो. आता ड्रायव्हरनं आर फेज गेल्यावर नेमकं काय केलं हे तुम्हाला शंभर वेळा तपासायचंय. खऱ्या डीपीवर जाऊन फ्यूज काढणार का? टेबलावर व्होल्टेज कमी-जास्त करायचे तीन व्हेरिॲक मांडले तरी बरोबर करंट रजिस्टर वाचत असतानाच फेज गेली असा प्रसंग हातानं जमवायचा कसा? एम्युलेटरमध्ये ती एक ओळ आहे. माझ्या मते बोर्डाचे पैसे वाचतात हे या खटाटोपाचं कारणच नाही. हवा तेव्हा हवा तसा बिघाड करता येतो, हे कारण आहे. म्हणून दुसरा बोर्ड घेतला तरी हे करावंच.

मोंढा_नाका
आकडा टाकलेला पण सिम्युलेट करा मग, प्रॉपर्टी ठेवा, चोरी = ट्रू

सीताफळ
हसू नका, प्रॉपर्टीचंच उत्तर आहे ते 😄

क्यूएमूत टीएमपी१०५ नावाचा तापमानाचा सेन्सर आधीपासून आहे, आय-टू-सी वर बसणारा. त्याला टेम्परेचर नावाची प्रॉपर्टी आहे आणि मशीन चालू असताना बाहेरून क्यूओएम-सेट कमांडनं ती बदलता येते. अंशाच्या हजाराव्या भागात आकडा द्यायचा, २५००० दिलं की गेस्टला २५ अंश दिसतात. मर्यादेच्या वर गेलं की तो अलर्टची लाइन पण ओढतो. दादांनी तसंच करायचं, आर, वाय, बी तीन फेजच्या तीन प्रॉपर्टी. सेटरमध्ये नवीन व्होल्टेज साठवायचं, मर्यादा तपासायची, स्टेटस बिट लावायचा, इंटरप्ट अपडेट करायचा. मग क्यूएमपी सॉकेटवर (चालू क्यूएमूला बाहेरून कमांड द्यायची वाट) पायथनची छोटी स्क्रिप्ट बोलवा, ते नुसतं जेसन असतं. स्क्रिप्ट म्हणते २३०, २३०, २३०, मग मधेच वाय फेज शून्य. डीपीवरचा खरा लॉग असेल तर तोच स्क्रिप्टमधून जसाच्या तसा सोडा. काकांना हवा तो नॉइज निदान आकड्यांतून तरी येईल.

चिकलठाणा_शिफ्ट
आकड्यांतून आला तर बरंच आहे. लॉग माझ्याकडं आहेत बाळा, जुन्या मशीनचे, वाळूजच्या एका शेडमधले. हवे तर देतो. व्होल्टेज २७० ला गेलेलं पण आहे त्यात.

मांजराकाठ
काका, नक्की द्या. व्यक्तिगत निरोप टाकतो.

उदगीरकर
सगळे क्यूएमूच्या मागं लागलेत, रेनोड या दुसऱ्या एम्युलेटरचं नाव पण घ्या की कुणी. अँटमायक्रोचं आहे, ओपन सोर्स, एमआयटी लायसन्स. डिव्हाइस सी शार्पमध्ये लिहायचं, साधं असेल तर पायथनमध्ये पण होतं, आणि अख्खा एम्युलेटर परत बिल्ड करायची कटकट नाही, चालू असताना फाइल लोड होते. मशीनचं वर्णन वेगळ्या मजकूर फाइलीत, कुठला ब्लॉक कुठल्या पत्त्यावर ते तिथं एका ओळीत लिहायचं. झिंक पण आहे त्यात. शिवाय एफपीजीएचा कोड व्हेरिलॉगमध्ये (सर्किट लिहायची भाषा) असेल तर व्हेरिलेटर (तो कोड कॉम्प्युटरवर चालवणारं टूल) लावून तोच कोड जोडता येतो, म्हणजे डिव्हाइस परत लिहायचंच नाही.

वाळूजकर
रेनोड चांगलं आहे, वाद नाही. मायक्रोकंट्रोलरच्या फर्मवेअरसाठी मी पण तेच सुचवेन. पण यांचं लिनक्स क्यूएमूवर आधीच बूट झालंय, सी येतं, आणि रोज सारखं सारखं बूट करायचंय. माझ्या अनुभवात अख्खं लिनक्स क्यूएमूवर बरंच जलद चालतं.

उदगीरकर
जलद असेल, पण स्वतःचं डिव्हाइस बाहेरून प्लगइन म्हणून लावायची सोय क्यूएमूत नाही हे पण सांगा त्यांना. जे काही कराल ते सोर्समध्ये घुसून. मग दर नव्या आवृत्तीला पॅच पुढं ओढत बसा.

तेरणा
हे खरंय. प्लगइन आहेत पण ते चाललेल्या इन्स्ट्रक्शन बघण्यासाठी, डिव्हाइससाठी नाहीत. आतले एपीआय बदलत राहतात. मेसन या बिल्ड सिस्टिममधल्या यादीचं नाव आधी सॉफ्टएमएमयूवरून होतं ते सिस्टिमवर गेलं, प्रॉपर्टीच्या यादीच्या शेवटी एंड ऑफ लिस्ट लिहायची पद्धत होती ती काढून टाकली. जुना ब्लॉग बघून लिहायला बसाल तर पहिल्याच मिनिटाला एरर. म्हणून ब्लॉग बाजूला ठेवा, ज्या आवृत्तीत काम करताय तिच्यातलंच एखादं छोटं डिव्हाइस उघडून त्याची नक्कल करा.

परभणीकर
एआयला सांगितलं तर दोन मिनिटांत लिहून देईल की सगळं. आजकाल कोण हातानं टाइप इन्फो लिहितंय.

सीताफळ
स्वतःपुरतं काय करायचं ते करा. पण पुढं मुख्य प्रोजेक्टला पॅच पाठवायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, २०२५ मध्ये क्यूएमूनं स्पष्ट धोरण घेतलंय की एआयनं बनवलेला कोड घेणार नाही. पॅचखाली सही करणाऱ्याला हा कोड देण्याचा हक्क मला आहे असं म्हणावं लागतं, आणि एआयच्या कोडबद्दल तसं छातीठोक सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आणि जुन्या ब्लॉगवर शिकलेला एआय एंड ऑफ लिस्ट घालणारच.

मांजराकाठ
मंडळी, अपडेट. ईडीयू वाचून काढलं, एक छोटं सिसबस डिव्हाइस समोर ठेवून आमचं लिहिलं, केकॉन्फिग आणि मेसन डॉट बिल्डमध्ये ओळी घातल्या, बिल्ड पण झालं. डिव्हाइस हेल्पच्या यादीत मात्र दिसेना, आणि कमांड लाइनवर डिव्हाइस म्हणून दिलं तर म्हणतंय, हे वापरणाऱ्याला बनवता येत नाही. का बरं?

वाळूजकर
ते बरोबरच आहे. ईडीयू पीसीआय आहे म्हणून कमांड लाइनवरून लागतं. सिसबसवाल्याला कुठल्या पत्त्यावर, कुठल्या इंटरप्टवर हे ठरवणारं कुणी नसतं म्हणून ते अडवतात. मशीनच्या फाइलीतच जोडावं लागतं. हार्डवेअर, एआरएम, झिलिंक्स झिंक डॉट सी उघडा. यूएआरटी (सीरियल पोर्ट) कसा जोडलाय बघा आणि त्याच्याच खाली तुमचं घाला. क्यूडेव्ह न्यू, रियलाइज, एमएमआयओ मॅप तुमच्या पत्त्यावर, मग कनेक्ट आयआरक्यू.

आयआरक्यूच्या, म्हणजे इंटरप्टच्या, आकड्याला मात्र सांभाळा. एफपीजीएतून येणारी पहिली इंटरप्ट लाइन झिंकच्या मॅन्युअलमध्ये ६१ आहे. जीआयसीमध्ये (एआरएमचा इंटरप्ट कंट्रोलर) पहिले ३२ आकडे खाजगी कामासाठी राखीव, म्हणून डिव्हाइस ट्रीमध्ये (कुठलं हार्डवेअर कुठं आहे ते लिनक्सला सांगणारं वर्णन) तीच लाइन २९ म्हणून लिहायची. क्यूएमूच्या त्या फाइलीत ६१ वजा आयआरक्यू ऑफसेट असं लिहितात, ऑफसेट ३२. आणि चालू लिनक्समध्ये प्रोक इंटरप्ट्स बघाल तर तिथं अजून तिसराच आकडा, तो लिनक्सचा स्वतःचा. ६१ आणि २९ मध्ये कितीजण संध्याकाळ घालवतात याला मोजदाद नाही.

आणि डीटीबी, म्हणजे तोच डिव्हाइस ट्री कंपाइल केलेला. क्यूएमूतलं एआरएमचं व्हर्ट नावाचं मशीन स्वतःचा डिव्हाइस ट्री स्वतःच तयार करतं, झिंकला तो तुम्ही द्यायचा. त्यात तुमचा नोड नसेल तर ड्रायव्हर प्रोबच होणार नाही, म्हणजे डिव्हाइसशी जोडलाच जाणार नाही, क्यूएमूत कितीही छान डिव्हाइस असो. मॉनिटरवर इन्फो एमट्री मारा, पत्त्यांचा सगळा नकाशा येतो, तुमचा रीजन ४३सी च्या पुढं दिसला पाहिजे.

ठिबक_सिंचन
डिव्हाइस पूर्ण लिहून व्हायच्या आधी ड्रायव्हर कुठला रजिस्टर वाचतोय एवढंच बघता येतं का?

तेरणा
येतं, चांगला प्रश्न आहे. अनइम्प्लिमेंटेड डिव्हाइस नावाचा प्रकार क्यूएमूतच आहे. तो त्या पत्त्यावर बसवा, आकार द्या, आणि चालवताना डी च्या पुढं अनइम्प द्या. प्रत्येक वाचन-लेखन लॉगमध्ये उमटतं, उत्तर शून्य जातं. काहीच बसवलं नाही तर मशीनप्रमाणं वेगळं घडतं, काही गप शून्य देतात, काही थेट ॲबॉर्ट मारतात आणि कर्नल बोंब ठोकतं.

विषय निघालाच आहे तर सांगतो, डिव्हाइसचा कोड म्हणजे खेळ नाही. २०१५ मध्ये व्हेनम नावाचं भोक निघालं होतं ते आठवतं का? क्यूएमूच्या फ्लॉपी कंट्रोलरमध्ये बफरची हद्द नीट तपासली नव्हती. फ्लॉपी! क्लाउडच्या जमान्यात फ्लॉपी कोण वापरतं, पण कोड पडून होता आणि गेस्टमधला माणूस त्यातून होस्टवर, म्हणजे बाहेरच्या खऱ्या मशीनवर, येऊ शकत होता. मांजराकाठचं डिव्हाइस त्यांच्याच टेबलावर चालणार, तिथं प्रश्न नाही, तरी गेस्टनं दिलेल्या इंडेक्सनं ॲरे वाचताना हद्द तपासायची सवय असू द्या.

बुढ्ढीलेन
फ्लॉपी माझ्याकडं अजून आहेत, दहावीचा प्रोजेक्ट आहे त्यात. कुणाकडं ड्राइव्ह?

चिकलठाणा_शिफ्ट
आहे. चालतो पण.

मांजराकाठ
वाळूजकर, जमलं! प्रोब झाला, व्होल्टेजचे आकडे यायलेत. आता नवीन लफडं. फेज शून्य केली की इंटरप्ट येतो, पण मग तो थांबतच नाही, आणि थोड्या वेळानं कर्नल म्हणतंय "नोबडी केअर्ड" आणि लाइनच बंद करून टाकतंय.

परभणीकर
नोबडी केअर्ड. म्हणजे फेज गेल्याची तक्रार घेऊन सबडिव्हिजनला गेल्यावर मिळतं तेच उत्तर, डिट्टो. एम्युलेशन पर्फेक्ट आहे भाऊ, काही बदलू नका.

गेवराईकर
😂 लई जोरात

सीताफळ
😂 यावर काही लिहिण्यासारखं उरलं नाही, तरी लिहिते.

एक लाख इंटरप्टांपैकी ९९,९०० च्या वर कुणीच आपले म्हणून घेतले नाहीत तर कर्नल ती लाइन बंद करतं, तो मेसेज त्याचा. म्हणजे लाइन वरच अडकलीय आणि हँडलरला स्टेटसमध्ये काही दिसत नाही. डिव्हाइसमध्ये इंटरप्ट वर-खाली करायचं काम एकाच छोट्या फंक्शनमध्ये ठेवा. स्टेटस आणि एनेबल यांचा अँड, शून्य नसेल तर लाइन वर, शून्य असेल तर खाली. आणि स्टेटस किंवा एनेबल जिथं जिथं बदलतं तिथून तिथून तेच फंक्शन बोलवा, रीसेटमधून पण. आता प्रश्न तुम्हाला, तुमच्या ब्लॉकमध्ये स्टेटस बिट साफ कसा होतो? एक लिहिल्यावर, शून्य लिहिल्यावर, की नुसतं वाचल्यावर?

मांजराकाठ
मित्रानं दिलेल्या रजिस्टरांच्या पानावर एवढंच आहे, "क्लिअर्ड बाय सॉफ्टवेअर". मी एक लिहिल्यावर साफ होतो असं धरलं. थांबा, फोन करतो.

मांजराकाठ
केला फोन. तो म्हणतोय, वाचल्यावर साफ होतो! व्हेरिलॉगमध्ये तसंच आहे. आणि मी ड्रायव्हरमध्ये स्टेटस दोनदा वाचायलो, एकदा तपासायला आणि एकदा लॉगसाठी. म्हणजे खऱ्या बोर्डावर दुसरा रीड जवळजवळ कायम शून्य आला असता, आणि दोन रीडच्या मधे लागलेला बिट लॉगमध्येच विरून गेला असता.

वाळूजकर
हे बघा, मोंढा_नाका, बोर्ड न घेता सापडलं.

मोंढा_नाका
फोन केला म्हणून सापडलं. फोन फुकट आहे.

सीताफळ
😄 पण फोन करायची वेळ एम्युलेटरमुळं आली ना.

यातच एक धोका आहे तो सांगते, मला हा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. डिव्हाइस आणि ड्रायव्हर दोन्ही एकाच माणसानं लिहिले की त्याचा गैरसमज दोन्हीकडं सारखाच उतरतो. दोघं एकमेकांशी छान बोलतात आणि दोघंही चूक असतात. टेस्ट हिरव्या. म्हणून जमलं तर क्यूएमूचं डिव्हाइस एफपीजीएवाल्या मित्राला लिहायला लावा. नाही जमलं तर निदान रजिस्टरांचं पान त्याच्याकडून नीट लिहून घ्या, प्रत्येक बिटापुढं रीसेटची किंमत, वाचल्यावर काय, लिहिल्यावर काय. आणि डिव्हाइस लिहिताना ते पानच समोर ठेवा, ड्रायव्हरची फाइल बंद.

वाचल्यावर साफ होणाऱ्या रजिस्टरचा अजून एक त्रास म्हणजे डिबगरमधून किंवा मॉनिटरवरून त्या पत्त्यावर डोकावलात तरी बिट उडतो. मित्र ऐकत असेल तर एक लिहिल्यावर साफ होणारं करून घ्या, एफपीजीएच आहे, बदलता येतं.

उदगीरकर
व्हेरिलॉग आहे ना? मग मी म्हणलो होतो ते व्हेरिलेटरचं बघाच. तिथं गैरसमजाला जागाच नाही, खरा कोडच चालतो.

सीताफळ
हो, ते सर्वांत खरं, पण सायकल सायकल चालतं म्हणून हळू. रोजच्या कामाला हातानं लिहिलेलं डिव्हाइस आणि आठवड्यातून एकदा व्हेरिलेटरवर तपासणी, असं दोन्ही चालवतात लोक.

ठिबक_सिंचन
डिव्हाइसमध्ये दर २० मिलिसेकंदाला नवीन सॅम्पल द्यायचं असेल तर रीड फंक्शनमध्ये स्लीप टाकायचा का? ५० हर्ट्झची एक सायकल म्हणून विचारतोय.

तेरणा
अजिबात नाही. तुमचं रीड फंक्शन चालू असताना क्यूएमूचं मोठं कुलूप तुमच्या हातात असतं, तिथं झोपलात तर अख्खं मशीन झोपतं. टायमर बनवायचा, व्हर्च्युअल क्लॉकवर, आणि त्याच्या कॉलबॅकमध्ये पुढचा टायमर लावायचा. व्हर्च्युअलच का, तर मशीन पॉज केलं की तो पण थांबतो. भिंतीवरच्या घड्याळावर लावलं तर तुम्ही जीडीबी या डिबगरमध्ये ब्रेकपॉइंटवर बसलात की इकडं सॅम्पलं वाहून जातात.

आणि टेस्ट पटापट चालवायच्या असतील तर व्हीएम स्टेट पण लिहून ठेवा, स्ट्रक्टमधली कुठली फील्ड साठवायची त्याची यादी. मग लॉगिनपर्यंत बूट करून एकदा सेव्ह-व्हीएम, आणि प्रत्येक टेस्टला तिथून लोड. डिस्क क्यूकाउ२ फॉरमॅटची लागते त्याला. यादीत एखादं फील्ड विसरलं तर लोडनंतर एनेबल शून्य आणि इंटरप्ट गायब, मग शोधत बसा.

मोंढा_नाका
बरं मालक, पटलं थोडं थोडं. मांजराकाठ, तुमची ती डिव्हाइसची फाइल टाका की इथं, आमच्या मीटरच्या कामाला नमुना होईल.

मांजराकाठ
टाकली असती पण रजिस्टरांचं पान उघड करायचं नाही असं क्लायंटशी ठरलंय.

उदगीरकर
पण क्यूएमू जीपीएल लायसन्सचं आहे ना, मग सोर्स द्यावाच लागेल की.

तेरणा
दुसऱ्याला बायनरी दिली तर सोर्स मागायचा हक्क त्याला आहे. स्वतःच्या ऑफिसात बदलून चालवलं तर कुणाला काही द्यावं लागत नाही. क्लायंटला क्यूएमू सकट सेटअप दिला तर मात्र त्या डिव्हाइसचा सोर्स पण द्यायचा.

मांजराकाठ
क्लायंटला फक्त डबा जातो, क्यूएमू आमच्याच मशीनवर. पण एक करतो, पत्ते आणि रजिस्टरं बदलून साधं तीन प्रॉपर्टी आणि एक इंटरप्टवालं नमुना डिव्हाइस वेगळं लिहितो आणि टाकतो. पायथनच्या स्क्रिप्टसकट. ठिबक_सिंचन, त्याचा डिव्हाइस ट्रीचा नोड तू लिही, शिकशील.

ठिबक_सिंचन
चालेल दादा. ६१ की २९?

वाळूजकर
२९.